मेढीभोवतीचा वेढा

दादा गेल्याची खबर माहेराहून, देऊळघाटहून चुलतभावाने आणली, तेव्हा मी नांदुऱ्याला सासरी अंगणात ज्वारी पाखडत होते. साध्या तापाचं निमित्त झालं म्हणाला... सूप हातात तसंच राहिलं. दिवाळी करून दादा नागपूरला परतला, तेव्हा स्टेशनवर मीच पोचवायला गेले होते. गाडी हलली तसा खिडकीतून म्हणाला, "शांते, मळणीले येतो. खळ्यावर वाट पाह्य."

सुखदेवदादा माझा थोरला भाऊ. नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला तोच पहिला. शिकत होता तेव्हा सुट्टीत घरी यायचा तो डोक्यात संमिश्र संख्या घेऊनच. त्याचे प्राध्यापक फळाभर सूत्रं लिहीत, पण याला चित्र दिसल्याशिवाय घास गोड लागत नसे. मी मराठी चौथी शिकलेली, पण त्याचं ऐकायला घरात दुसरं होतं कोण? चुलीपुढे राख पसरून काडीने रेघा ओढायचा. संख्या नुसत्या एका रेघेवर नसतात, अंगणभर पसरलेल्या असतात, आणि गुणाकार केला की त्या शून्याभोवती वळतात, असं सांगायचा. मी भाकरी थापता थापता हो ला हो करायची. पुढे पुढे ती वळणं मलाही दिसायला लागली आणि माझ्या भाकरी करपायला लागल्या. आईची बोलणी मात्र दोघांना सारखीच बसत.

बी. ए.च्या वर्षी तो नाताळच्या सुट्टीत आला तो गप्प गप्पच. परीक्षा झाली की शेतीत यायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. दादाला पुढे शिकायचं होतं, पण विचारायचा धीर होईना. ज्वारीची मळणी चालू होती. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली, म्हणजे लाकडी खांब. त्यात एक सैल कडं घातलेलं आणि कड्याला बैलांचा दोर. बैलांबरोबर कडंही फिरतं, म्हणून दोर गुंडाळत नाही. बाबा जेवायला घरी गेले आणि दादाने कडं सोडून दोर मेढीलाच पक्का बांधला. कुणब्याच्या पोराने हे करावं, म्हणजे कमालच झाली! बैल हाकत तो मला सांगू लागला. फेरी झाली की बैल निघाले त्या बाजूला परत येतात, पण मेढीवर एक वेढा चढलेला असतो. तसंच शून्याभोवती एक फेरी मारून आलं की संख्या तीच असते, तिचं वर्गमूळ मात्र उलटं, अधिकाचं उणं होऊन येतं. बोलण्यात इतका रंगला की दोर आखूड होत होत बैल मेढीला जाऊन भिडले, तरी त्याला पत्ता नाही. वळून पाहिलं तर बाबा उभे.

आता नागपूर संपलं, असंच मला वाटलं. दादाचा चेहरा उतरला. पण काय झालं ते त्याने खरं खरं सांगितलं आणि त्याच दमात पुढे शिकायचं आहे, हेही सांगून टाकलं. बैलांची तोंडं फिरवून बाबांनी उलट्या फेऱ्या घातल्या, सगळा दोर उलगडला, कडं पुन्हा मेढीत सैल घातलं. मग म्हणाले, "गाठ मारली तं बैल मेढीशीच येऊन अडकते बे. कडं सैल पाह्यजे... जाय तू नागपूरले."

दादा नागपूरला गेला, मोठा झाला, पण मळणीला यायचा चुकला नाही. मीही नांदुऱ्याहून यायची. बैल सोडले की म्हणायचा, "चल शांते, एक वेढा." मग केस पिकलेली आम्ही दोघं मेढीभोवती एक फेरी मारायचो. संसाराच्या धबडग्यात मी वर्षभर त्या फेरीची वाट पाहायची. माझ्याशी गणित बोलणारं दुसरं माणूस मला कधी भेटलंच नाही.

यंदाही मळणीला गेले. येतो म्हणाला होता ना... संध्याकाळी खळं मोकळं झालं तशी एकटीच मेढीभोवती एक फेरी मारली. निघाले तिथेच परत आले, पण एक वेढा चढला होता. दादा नव्हता.

मग बाबांनी बैल फिरवले होते तशी मागे वळले, आणि उलटी फेरी घातली.