कुठं दुखतं गं तुला?

सुमन रंगमंचावरच्या गालिच्यावर बसली आणि आधी तिनं डावा हात कमरेवर दाबून धरला. माझी ही धाकटी बहीण कथक करते, आणि कित्येक वर्षं तिची कंबर अखंड दुखते. उभं राहून नाचणं सुटलं, तेव्हा तिनं बसूनच भाव दाखवायला घेतले. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, दर वेळी भाव वेगळा. रीत जुनीच आहे. ओळ मात्र तिनं आमच्या घरातली उचलली होती : 'कुठं दुखतं गं तुला?'

आधी तिच्या चेहऱ्यावर डॉक्टर आले, मान वर न करता. मग मावशी आल्या, नुसत्या भुवया घेऊन. दुखणं कुणाला दिसत नाही, हीच त्याची खरी दुष्टाई. विचारणारे मात्र स्पष्ट दिसतात, आणि सुमननं एकेकाला बरोबर पकडून आणलं होतं. मग एक गृहस्थ आले. पोटावर हात, चष्मा कपाळावर, पेपर वाचतावाचता जांभई, आणि चेहऱ्यावर 'दिसत तर काही नाही!' लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

"अहो, हसताय काय?" शेजारून बायको पुटपुटली. "आधी कपाळावरचा चष्मा खाली घ्या."

कार्यक्रमानंतर मी आत गेलो. सुमनचा हात अजून कमरेवरच होता.

"सुमे, मला लागलं हं ते," मी म्हणालो.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दिसत तर काही नाही, दादा."