ऑर्विलचे शंभर

आमच्या पोर्ट ह्युरॉनमध्ये ऑर्विल टेस्मरइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, आणि याचा मला कधीकधी रागही येतो. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर हौसेने जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि तीही बससारखीच चालवायला लागला. सकाळी कॉफीला जमलो की मी विचारायचो, "काय रे, शंभर बघितले का?" तो हसायचा, पण कान लाल व्हायचे. इथे अमेरिकेत ताशी सत्तर मैलांच्या वर जायला बंदी, आणि नियम मोडणं त्याच्या रक्तात नाही. तरी मरण्याआधी एकदा काटा शंभरावर बघायचा होता त्याला. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, मला हे गुपचूप सांगितलं होतं.

त्या गाडीसाठी त्याने दुसऱ्या कंपनीचे नवे मीटर मागवले. निळे दिवे, पांढरे काटे. खोकं उघडून बघतो तर आकडे मैलांचे नाहीत, किलोमीटरचे. बारीक अक्षरं वाचायची राहून गेली होती. परत पाठवायची लाज वाटली, म्हणून साहेबांनी ते खोकं नाताळच्या माळांशेजारी फळीवर ठेवून दिलं. सहा वर्षं! शेवटी व्हर्नाने बजावलं, एक तर हे खोकं घराबाहेर जाईल नाहीतर तू. मग त्याने जाहिरात टाकली: "न वापरलेले. चूक माझी. इथेच बसवून घ्यावे, मला एकदा दिवे लागलेले बघायचे आहेत."

अशा जाहिरातीला कुत्रंही फिरकणार नाही, असं मी म्हणालो. शनिवारी सीमेवरचा पूल ओलांडून कॅनडातून, सार्नियाहून, मॉइरा पेल्की हजर. तिकडे सगळा कारभार किलोमीटरचा, आणि तिने इथून नेलेल्या तशाच गाडीत मीटर मैलांचे. रस्त्यातल्या प्रत्येक पाटीला मनात गुणाकार करून बाई कावली होती. दोघांनी मिळून तिच्या गाडीतले जुने मीटर उतरवले, नवे बसवले, तारा जोडल्या. निळे दिवे लागले तेव्हा ऑर्विल इतका खुलला, की व्हर्नाने पुढ्यातलं सँडविच उचलून नेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

मॉइराने पैसे दिले आणि वर गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "सहा वर्षं सांभाळलेत, आता एक चक्कर तुम्हीच मारा."

मी शेजारी बसलो. महामार्गावर काटा नव्वदीपाशी घुटमळला. बसची सवय, पंचावन्न मैलांच्या वर पाय जाईना.

"दाब की," मी म्हणालो. "शंभर किलोमीटर म्हणजे बासष्ट मैल. कोण पकडतंय?"

त्याने पुटपुटत आकडेमोड केली, पाटी पुन्हा वाचली आणि दाबलं. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. शंभर. तेवढ्यात एक दुधाचा टँकर आम्हाला सहज मागे टाकून गेला, पण ऑर्विलने तो बघितलाच नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

सोमवारी कॉफीला मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बघितले," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शपथेवर सांगितलं, हो, शेजारी मीच होतो. ऑर्विल पुढचंही सांगायला तोंड उघडत होता, सरळ माणूस ना. मी त्यात पटकन डोनट कोंबला.