घट्ट अंगठी, चार नंबर

मुलीच्या साखरपुड्याच्या माझ्या यादीत एकतीस कामं होती. हॉल, जेवण, भटजी, पेढे, देवासहून धारला न्यायच्या माणसांची गाडी, सगळ्यांपुढे एकेक करत खूण झाली. सातव्या कामापुढची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी होती.

सातवं काम मी घातलेलंच नव्हतं. मुलीने माझी वही ओढून तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "आईची रिंग बडी करणे." शाळा सगळी हिंदीतून झालेल्या मुलीचं मराठी असंच असतं. मी तिच्यासमोर ते खोडलं आणि वर लिहिलं, "माझी अंगठी घट्ट होते, ती नीट करून घेणे."

"काय फरक पडला गं?" ती म्हणाली.

"मराठीत लिहायचं तर मराठीत लिहायचं."

"लिही. पण तू तुझी घालशील तेव्हाच मी माझी घालणार. स्टेजवर सगळ्यांसमोर विचारीन, सांगून ठेवते."

ती गंमत करत नव्हती. तिच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा माझी बोटं सुजली आणि साखरपुड्याची अंगठी साबण लावून काढावी लागली. ती पुन्हा कधी चढलीच नाही. लहानपणी कपाटातली डबी दिसली की मुलगी विचारायची, "माझ्यामुळे काढलीस ना?" मी हो म्हणायचे, कारण खरं तेच होतं. ते तिच्या मनात इतकी वर्षं राहिलंय, हे मला तिने वही ओढली त्या दिवशी कळलं.

आधी देवासच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या बोटाचं माप घेतलं, अंगठी चार नंबरांनी लहान निघाली. तिने ती काट्यावर ठेवली आणि लगेच म्हणाली, "आंटी, एक्स्चेंज कर लो. साइज़ के चक्कर में मत पड़ो, बेल टूट जाएगी." अंगठीवर पानांची बारीक वेल आहे. ताणून मोठी केली तर वेल तडकणार, आणि मागून कापून सोनं घालायचं काम त्यांच्याकडे होत नाही. नव्या अंगठीचा हिशेब मात्र तिने न विचारता मांडला. जुनी देऊन वर अठरा हजार.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "घे की नवीन. तीही माझीच धर."

"आणि तुम्ही पहिल्या तीन पगारांतून केलीत ती कोणाची धरू?"

त्यावर ह्यांनी पेपर उघडला.

अंगठी मुळात धारच्या सराफ्यातली. घडवणारे बाबूजी आता नाहीत, पण त्यांचा मुलगा त्याच गादीवर बसतो. हॉल ठरवायला धारला गेले तेव्हा नेमकं त्याचं दुकान बंद होतं, म्हणून अंगठी दादाकडे, माझ्या भावाकडे, ठेवून आले. मी देवासला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. चिठ्ठीशिवाय वस्तू हातातून सोडणं मला जमत नाही. फोटो काढला, वजन टिपलं, पुडी केली आणि तिला चिठ्ठी टाचली, "अंगठी घट्ट. चार नंबर. तुकडा परत." स्टोअरमध्ये आम्ही शब्दांची उधळपट्टी करत नाही, आणि कापाकापीत जे उरेल ते परत मागतो.

दादा मोजकं बोलणारा. त्याने दुसऱ्या दिवशी पुडी दिली, पावती घेतली, आणि आठ दिवसांनी तयार अंगठी आणून देवापुढे ठेवली.

रविवारी साखरपुडा. गुरुवारी मी सुट्टी टाकून दोन बस बदलत धारला पोचले. पर्समध्ये एक लहान डबी होती, मोडीच्या सोन्याची. यादीत तशी नोंदच होती, "सोनं कमी पडलं असल्यास."

"वन्सं, चहा नंतर. आधी घालून दाखवा," वहिनी म्हणाली.

अंगठी नखापुढे गेली नाही. मी बोट ओलं केलं, तरी नाही. वहिनीने घेऊन स्वतःच्या करंगळीत घालून पाहिली. तिथेही अडकली.

"वन्सं, ही तर बारशाची अंगठी झाली."

"मी त्याला काहीच बोललो नाही," दादा म्हणाला.

"तेच तर!" वहिनी म्हणाली. "तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं."

आम्ही दोघी तशाच सराफ्यात गेलो. मी फोटो उघडून ठेवला होता, पावती हातात होती, आणि काय काय बोलायचं ते वाटेत मनात ओळीने लावलं होतं. सराफाने सगळं ऐकून घेतलं आणि गल्ल्यातून माझीच चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"बेन, आपने लिखा घट्ट, चार नंबर. तो हमने घटा दी, चार नंबर. चौदह की दस कर दी."

"घट्ट मतलब टाइट होती है, भिया!"

"तो टाइट लिखतीं. और नीचे लिखा है तुकड़ा परत. परत तो हम समझते हैं, आधे गिराक आप ही लोग हो. अब बताओ, बड़ी करने में तुकड़ा कहाँ से निकलता है?"

मी उघडून ठेवलेला फोटो बंद केला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. सराफ म्हणाला, "बड़ी करनी थी तो बड़ी लिख देतीं." मुलीने लिहिलं तसं ठेवलं असतं तर मी त्या वेळी देवासला ऑफिसात बसून चहा पीत असते.

"ठीक है," मी म्हटलं. "लिखा मैंने. अब अठारह कर दो. इतवार को पहननी है."

"इतवार को? कल से दुकान बंद है. सरदारपुर में साली की शादी."

"तर मग आज."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पावतीवरच्या बाबूजींच्या नावाकडे पाहिलं, आणि दुकानाची वेळ संपायला किती अवकाश आहे ते घड्याळात पाहिलं. "सोना लगेगा. चार तो ये रही," म्हणत त्याने पुडीच्या कागदातून नखाएवढा सोन्याचा तुकडा काढला. मी मागितलेला तुकडा दादाने नेलाच नव्हता, पण सराफाने तो पुडीत नीट टाचून ठेवला होता. माझं पाप आणि माझं पुण्य एकाच चिठ्ठीत होतं. "अब चार नंबर का और चाहिए. आज के भाव से..."

"भाव मत बताओ," मी म्हटलं आणि डबी उघडली.

डबीत तीन वस्तू होत्या. साखळीची तुटलेली कडी, एक फिरकी आणि एक बाळी. त्याने तिन्ही कसोटीवर घासल्या. कडी हलक्या सोन्याची निघाली, फिरकी त्याहून हलकी. बाळीची रेघ मात्र अंगठीच्या रेघेसारखीच उमटली.

"ये चलेगी."

ती मुलीची पहिली बाळी. जोडीची दुसरी देवासच्या देवीच्या टेकडीवर गर्दीत पडली होती. मुलीला कडेवर घेऊन मी एकेक पायरी बघत खाली आले होते आणि ती सापडली नव्हती. उरलेली एक कशालाच उपयोगाची नव्हती. तरी प्रत्येक दिवाळीच्या आवराआवरीत मी ती मोडीत काढायच्या यादीत लिहायचे आणि काढायची तेवढी राहायची. मी ती सराफाच्या हातून परत घेतली, तळहातावर ठेवली.

"वन्सं, द्या," वहिनी हळूच म्हणाली. "डबीत बसून ती तरी काय करणार?"

दिली.

मग मजुरीवरून थोडं झालं. त्याने दोन वेळची सांगितली. मी म्हटलं, लहान करायला मी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, लिहिलं तर होतं. तेव्हा वहिनी पुढे सरसावली. "भिया, तुम्हारे बाबूजी होते तो चिट्ठी पढ़ते ही नहीं. पहले पूछते, बेन, उँगली दिखाओ."

 सराफाने लोखंडी मापांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "उँगली दिखाओ, बेन." अठरा नंबरचं कडं बरोबर बसलं. मजुरी एका वेळचीच ठरली.

मी त्याच्या समोरच्या बाकावर बसून राहिले. वहिनी घरी जाऊन चहाचा थर्मास घेऊन आली. बाळी आटली, तिची तार झाली, मागचा जोड पुन्हा उघडला गेला. पानांची वेल एका जागी किंचित काळवंडली तेव्हा मी बाकावरून उठले. त्याने ती उजळली आणि अंगठी माझ्यापुढे धरली. साबण नाही, तेल नाही. पेरावर जराशी थांबली आणि बसली. वहिनीने भर दुकानात टाळी वाजवली. सराफही हसला, म्हणाला, "अब चिट्ठी मत लिखना."

सातव्या कामापुढे मी बसमध्येच खूण केली. गाडी हलत होती, म्हणून ती वहीच्या दोन ओळी ओलांडून गेली.

रविवारी स्टेजवर भटजींनी अंगठी पुढे करायला सांगितली. जावईबापूंनी ती उचललीसुद्धा. मुलीने हात मागे घेतला.

"आई, आधी तू."

हॉलमध्ये कुजबूज झाली. व्याह्यांनी मान वर केली. मी पुढे होऊन हात तिच्यासमोर धरला. तिने अंगठी फिरवून पाहिली, मागच्या जोडावर बोट ठेवलं. तिथे सोनं अगदी थोडं निराळं चमकतं.

"हे काय लावलंय?"

"तुझी बाळी."

 तिने माझं बोट धरून ठेवलं, इतका वेळ की भटजी खाकरले. मग डोळे पुसत, पण नेहमीच्याच आगाऊपणाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग आता घट्ट झाली की बडी झाली?"

"बडी," मी म्हटलं. "एकदम बडी झाली."

आणि तिने हात पुढे केला.