सरकारची वायर चुलतभावाच्या दारात

मी चौथी शिकलेला. पण गावातला पहिला फोन माझ्या घरात वाजला. सरकारनं खेड्याखेड्यात एकेक फोन दिला, तेव्हा उमरीकडच्या आमच्या गावात स्लॅबचं घर माझंच होतं, म्हणून अँटेना माझ्या डोक्यावर बसला. फोन आला की मी स्लॅबवर चढून हाळी द्यायचो. माणसं शेतातून पळत यायची, पुन्हा घंटी वाजेपर्यंत माझ्या ओसरीवर बसायची. मयताची खबर असली तर आधी पाणी पाजायचो, मग सांगायचो. हे मला कुणी शिकवलं न्हाई.

पुढं मोबाईल आले, तो फोन मुका झाला. त्याचं वाईट वाटलं न्हाई. मोबाईलला आमच्या खोलगटात रेंजच नसायची, मग कुणाचा मान काय वाढणार?

पण आता सरकारनं नाली खोदून इंटरनेटची वायर आणली, ती पंचायतीत. पंचायतीला लागून माझ्या चुलतभावाचं घर. त्याची सून शिकलेली, तिनं घरातच ऑनलाइन कामाचं सरकारी केंद्र घेतलं. लातूरच्या क्लासला लेकरं ठेवलेल्या बाया तिथं बसून मोबाईलवर त्यांची तोंडं बघतात. माझी बायको पण नातीला बघायला तिकडंच जाते. एकदा म्हणाली, "त्यांच्या सुनेचा हात कामात लई चालतो बघा." त्या दिवशी मला भाकर गोड लागली न्हाई.

मला म्हातारपणाची पेन्शन हाय. तिला दरसाल आपण जिवंत असल्याचा दाखला लागतो, न्हाईतर ती बंद. मी जिवंत हाय हे त्या सुनेकडून लिहून घ्यायचं? दोनदा एसटीनं उमरीला गेलो. नांगर धरून अंगठ्याच्या रेघा गेलेल्या, मशीन घेईना. तिथला पोरगा म्हणाला, "बाबा, चेहऱ्यानं होतंय, पण आमचं नेट बंद हाय. तुमच्याच गावात भारी चालतंय की."

मुदतीला दोन दिवस राहिले, तेव्हा गेलो. सुनेनं पदर घेतला, खुर्ची दिली, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"मामंजी, इकडं बघा अन् पापणी हलवा."

मी बघून राहिलो. पापणी हलवून तिच्यापुढं डोळे खाली घालणं जिवावर आलं. मोबाईलवर लाल आलं. पुन्हा धरला, पुन्हा लाल.

चुलतभाऊ बाजेवरून ओरडला, "आरं, डोळे काय वटारतूस? पापणी हलली न्हाई तर सरकार मेला समजतंय!"

"समजू दे."

बाया हसल्या. सून हसली न्हाई. हळूच म्हणाली, "माझ्याकडं नगा बघू, मामंजी. त्या वरच्या बारीक टिपक्याकडं बघा."

माझ्या मनातलं तिनं ओळखलं होतं. चुलतभावाच्या टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं. टिपक्याकडं बघितलं, पापणी हलवली. हिरवं आलं.

"झालं," एवढंच ती म्हणाली.

काम झालं होतं, पण मी उठलो न्हाई. पुढची बाई आली, तिची पोरगी लातूरहून रडत होती. सुनेनं बाईच्या कानाला हेडफोन लावला, आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं अन् स्वतःबी बाहेर आली. मी अंगणात बसलो. एक तरी चूक करंल म्हणून जेवणवेळेपर्यंत बसून राहिलो. केली न्हाई.