चिचगडची गाडी

एके काळी आमच्या बसस्टँडवर माझ्याच आवाजाचा दरारा होता. घसा बसला तरी गाड्या मीच पुकारायचो. कुठली लागली, कुठली रद्द झाली, कुणी कुठल्या गाडीनं पुढं निघावं, सगळं माईकवर सांगायचो. फुलचूरच्या घरी बायको म्हणायची, तुम्ही मुलांना जेवायलाही फलाटावर बोलावल्यासारखं बोलावता.

मग स्टँड डिजिटल झालं. प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणाले, कर्मचाऱ्यांचं ज्ञान हीच आपली संपत्ती, ती सिस्टीममध्ये जतन करायची. मी हुरळून गेलो. सिस्टीममध्ये गेलं ते फक्त वेळापत्रक. माझा माईक काढून नेला आणि वरच्या भोंग्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज येऊ लागला. गाडी रद्द झाली तर ती नोंद वरच्या ऑफिसातून व्हायची, आणि तिथं फोन कोणी उचलत नसे.

त्या दुपारी चिचगडची गाडी बिघडून वर्कशॉपमध्ये पडली होती. बाकावर एक म्हातारा तिची वाट पाहत होता. चिचगडला त्याच्या बहिणीची माती होती, लोक त्याच्यासाठी थांबले होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "बाबाजी, चिचगडची गाडी येत नाही आज. हे देवरीची सुटून राहिली, हिच्यात बसा. पुढं जीप भेटते."

तेवढ्यात वरून बाई बोलली. चिचगडला जाणारी गाडी थोड्याच वेळात येत आहे.

"येऊन राहिली म्हणते ना ते."

"ते मशीन आहे, बाबाजी. तिले काय माईत?"

"तिले माईत नाही, अन् तुमाले माईत?"

माझ्या अंगावर खाकी असूनही त्यानं मला जीपवाल्यांचा दलाल समजून तोंड फिरवलं. देवरीची गाडी निघून गेली. बाई तेच तेच सांगत राहिली आणि मला रडू येईल इतकी चीड आली.

ऊन कलल्यावर त्यानं फोन लावला. "थांबू नोका आता. उरकून घ्या."

मग तो माझ्याकडे आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"गाडी नाही, हे तुमाले पक्कं माईत होतं?"

"होतं."

"मंग वरून काऊन नाही सांगितलं?"

टेबलावरची माईकची जागा रिकामी होती, तिकडे मी बोट दाखवलं.

"मंग तुमी कायले बसून राहिले इथं, साहेब?"

वरून बाई पुन्हा चिचगडची गाडी पुकारू लागली. आम्ही दोघांनीही फलाटाकडे पाहिलं.