पकडला फॉल्ट

सातपूरच्या एका मिस्त्रीने आमच्या प्रवासात राहायच्या कॅम्पर गाडीत नवा इन्व्हर्टर बसवला. आईचं वाफ घ्यायचं मशीन लावताच तो कुंईऽ करून बंद पडला. मी आईसकट गाडी परत नेली.

मिस्त्रीने डॉक्टरसारखा इन्व्हर्टरला कान लावला, डोळे मिटले.

"साहेब, इन्व्हर्टर एकदम ओके आहे. फक्त त्याला काही लावू नका."

"आईचं मशीनही नाही?"

"त्याचाच तर लोड येतो ना!"

उठताना त्याची बाही अडकली आणि बॅटरीची वायर अलगद निघून आली. बसवताना त्याने ती आवळलीच नव्हती. वायर झेंड्यासारखी उंचावून तो ओरडला, "बघा, पकडला फॉल्ट!"

त्याने वायर आवळली. मशीन सुरू झालं. आईने भरभरून आशीर्वाद दिले, आणि त्याने ते हक्काने घेतले.