वरची पट्टी

अकोल्यात, आमच्या जुन्या शहरातल्या बँडमध्ये एक माणूस अकॉर्डियन वाजवतो. वाद्य लहान, त्यामुळे गाणं वर चढलं की उजव्या हाताखालच्या पट्ट्याच संपतात. मग भाता ओढता ओढता हा मान वर करतो आणि उरलेला सूर स्वतःच्या गळ्यातून काढतो. बेसूरच, पण काय तो थाट! वरात नेमकी तिथंच चेकाळते.

परवा पुतणीच्या लग्नात त्यानं नवं, भरपूर पट्ट्यांचं अकॉर्डियन आणलं. आता हा गळा काढणार नाही, अशी मला उगाच चुटपुट लागली. गाणं वर चढलं. त्यानं पट्ट्यांवरची बोटं उचलली, मान वर केली आणि दणकून ओरडला.

"भाऊ, आता तं वरची पट्टी हाये ना?" मी विचारलं.

"हाये ना! पन तिच्यावर कोनी नाचत नाई."